दूरच्या मुलाचे शैक्षणिक पालकत्व





गेल्या पालक सभेत एक प्रस्ताव आला. हिमालयातील एखाद्या दुर्गम खेड्यातील एका मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचा खर्च आपल्या शाळेने उचलावा, असा तो प्रस्ताव. काही पालकांनी तिथल्या तिथे पैसे देण्याची तयारी दाखवली. काहींनी विचारले, "आपल्या निपाणी-चिकोडीकडचीच मुले शाळा सोडतात, मग एवढ्या लांब कशाला?" दोन्ही बोलणी मनापासूनची होती. विश्वस्त मंडळाला पुढील बैठकीत निर्णय घ्यावयाचा आहे. त्याआधी हा विषय सर्वांना नीट समजावा, म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. शैक्षणिक पालकत्व घेणे म्हणजे एका मुलाला शब्द देणे. देणगी एकदा दिली की आपण मोकळे होतो. हा शब्द मात्र मूल दहावी-बारावी होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा वर्षे पाळावा लागतो. मध्येच हात काढून घेतला, तर मूल धड घरचे राहत नाही आणि धड शाळेचेही राहत नाही.

दुर्गम म्हणजे किती दुर्गम?

विद्यार्थी मित्रांनो, नकाशात लडाख काढा आणि त्यात झंस्कार हा भाग शोधा. पदुम हे तिथले मुख्य गाव. कारगिलहून पदुमला जाणारा रस्ता सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे आणि वाटेत पेन्सी ला हा सुमारे ४४०० मीटर उंचीचा घाट लागतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे, यावरून अंदाज करा. हिवाळ्यात हा घाट बर्फाखाली जातो. मग पूर्वी एकच वाट उरे, ती म्हणजे गोठलेली झंस्कार नदी. या बर्फाच्या वाटेला 'चादर' म्हणतात. लेहच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना त्यांचे वडील याच वाटेने, रात्री गुहांतून मुक्काम करीत, कित्येक दिवस चालून पोहोचवीत असत.

आता परिस्थिती बदलते आहे. २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता जोडला गेला आणि त्याच वर्षी शिंकुन ला येथील बोगद्याच्या कामाला सुरुवात झाली. रस्ते होत आहेत. पण गावे लहान, घरे विखुरलेली, पटावर मोजकी मुले, ही अडचण रस्त्याने सुटत नाही. खालच्या वर्गांची शाळा गावात असते. वरच्या वर्गांसाठी मूल दुसऱ्या गावी वसतिगृहात ठेवावे लागते. म्हणजे तिथे शिकण्याचा खर्च मुख्यतः राहण्याचा, जेवणाचा, उबदार कपड्यांचा आणि प्रवासाचा असतो. फी हा त्यातला लहान भाग.

ही रीत आपल्याला नवी नाही

परक्या मुलाला शिकवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शिक्षणासाठी गावात आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा 'वार लावून' जेवत असे. सात घरांनी मिळून एक मुलगा शिकवायचा. कोणावर ओझे नाही आणि मुलगाही उपाशी नाही. आजच्या कित्येक कुटुंबांतील पणजोबा असेच शिकले आहेत.

पुढे या रीतीला संस्थेचे रूप आले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि नंतर निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी एकापाठोपाठ एक वसतिगृहे उघडली. खेड्यातील मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापुरातच शिकले. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. मुलांचे जेवण चालावे म्हणून घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याची 'मुष्टी फंडा'ची रीत त्यांनी रुजवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वांना माहीतच आहे.

एक उदाहरण मात्र आपण फारसे या दृष्टीने पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आपल्या भागात आले होते. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनमध्ये त्यांचे शिक्षण सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची व स्नेह्यांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. मधली तीन वर्षे तुटली. बाबासाहेब होते म्हणून ते परत जाऊ शकले. चौथीतल्या मुलीची मदत तुटली, तर तिला परत कोण पाठवणार?

हिमालयाची मुले आपल्या राज्यात

थंडीच्या दिवसांत शहरांतून स्वेटर विकणारे तिबेटी लोक आपण पाहतो. त्यांच्या मुलांची शाळा कशी उभी राहिली, ही गोष्ट आपल्या प्रस्तावाला फार जवळची आहे.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित आले. अनेकांना हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर लावले गेले. आईवडील रस्त्यावर खडी फोडत आणि मुले तिथेच आजारी पडत. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्त्याच्या छावण्यांतून ५१ मुले धरमशाळेला आणण्यात आली. दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांची जबाबदारी घेतली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर धाकट्या बहीण जेत्सुन पेमा यांनी ते काम २००६ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. हेच 'तिबेटी बालग्राम'. वेगवेगळ्या वयांची मुले एका घरात राहतात आणि त्यांना एक पालक-आई असते. देशोदेशीची माणसे एकेका मुलाचा खर्च उचलत आली. प्राथमिक वर्ग तिबेटी भाषेतून चालवण्यावर संस्थेने भर दिला, ही गोष्ट आपण मराठी शाळावाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

आपल्या राज्यात तिबेटी लोकांना जमीन मिळाली. १९६० मध्ये बैलकुप्पे येथे आणि १९६६ मध्ये हुबळीच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे वसाहत झाली. मुंडगोडच्या मठांतून लडाख, स्पिती अशा दूरच्या भागांतील मुलेही शिकायला येतात. म्हणजे ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत, त्यांच्यातील काही जण आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर राहतात.

मराठी माणसांनी निवडलेले दोन मार्ग

हिमालयातील मुलांसाठी मराठी माणसांनी पूर्वीच काम केले आहे. त्यातून दोन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग मुलांना इकडे आणण्याचा. पुण्यात संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मीरमधील, विशेषतः हिंसाचाराची झळ लागलेल्या घरांतील मुलांना पुण्यात आणून शिकवले. इथे चांगली शाळा मिळते, भीतीचे वातावरण दूर राहते आणि दोन्ही प्रांतांची माणसे एकमेकांना ओळखू लागतात.

दुसरा मार्ग आपणच तिकडे जाण्याचा. मूळचे महाराष्ट्रातील आणि पुण्यात शिकलेले अधिक कदम यांनी २००२ मध्ये काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात अनाथ मुलींसाठी घर सुरू केले. 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन' ही त्यांची संस्था. पुढे खोऱ्यात आणि जम्मूतही अशी घरे उघडली. तिथे मुली आपल्याच भागात, आपल्याच भाषेत, आपल्या सणावारांत वाढतात.

दोन्ही मार्ग आदराचे आहेत. मुलाच्या जिवाला धोका असेल, तर त्याला दूर नेणे योग्यच. पण केवळ शाळा लांब आहे एवढेच कारण असेल, तर मदत मुलाच्या गावाजवळ न्यावी, असे आमचे मत आहे. सहा-सात वर्षांचे मूल हजारो मैल दूर नेले, तर ते शिकते खरे. पण दहा वर्षांनी सुटीत घरी गेल्यावर आजीशी बोलायला त्याच्याजवळ शब्द उरत नाहीत.

भाषेचा प्रश्न

यावर कोणी म्हणेल की शिक्षण मिळते तेवढे पुरे, भाषेचे काय एवढे? लडाखचाच अनुभव पाहू. तिथे घरात लडाखी बोलत, सरकारी शाळेत आठवीपर्यंत उर्दूतून शिकवत आणि नववीत एकदम इंग्रजी माध्यम येई. परिणाम असा की दहावीला बसणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के मुले नापास होत. 'ही मुले मठ्ठ आहेत' असा शिक्का बसे. सोनम वांगचुक व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये 'सेकमॉल' ही संस्था काढली आणि दोष मुलांचा नसून शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, हे ठामपणे मांडले. १९९४ पासून सरकार आणि गावकरी यांना बरोबर घेऊन शिक्षकांचे प्रशिक्षण, स्थानिक उदाहरणे असलेली पुस्तके आणि गावोगावी शिक्षण समित्या असे काम झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत उत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. त्याच आधारावर आपण आपल्या मुलांसाठी मराठी शाळा मागतो. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. दुसऱ्या भाषेतून माणूस उत्तम शिकू शकतो, हे आम्ही जाणतो. पण घरच्या भाषेचा पाया आधी पक्का असावा लागतो, हेही जाणतो. जे आपण आपल्या मुलांसाठी मागतो, तेच त्या मुलालाही मिळावे. पैसे आपले आहेत म्हणून त्याची भाषा आपण ठरवू नये.

फसवणूक कशी होते?

चांगुलपणाच्या आड धंदाही चालतो. शेजारच्या नेपाळात १९९६ ते २००६ या काळात यादवी माजली होती. हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल मुले घेऊन जात. 'काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो' असे सांगून ते आईवडिलांकडूनच पैसे घेत. पुढे हीच मुले अनाथ म्हणून परदेशी देणगीदारांना दाखवली जात. पुष्कळ 'अनाथ' मुलांचे आईवडील जिवंत होते आणि डोंगरात मुलांची वाट पाहत होते. देणगीदारांचा हेतू शुद्ध होता. पण चौकशी न करता दिलेल्या पैशाने मुले घरापासून तुटली.

म्हणून कोणत्याही संस्थेला पैसे देण्यापूर्वी आम्ही पुढील गोष्टी पाहणार आहोत.

१. संस्थेची नोंदणी आणि मागील काही वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब.

२. संस्था मुलांना स्वतःच्या निवासात ठेवत असेल, तर बालन्याय कायदा २०१५ नुसार आवश्यक असलेली नोंदणी आहे की नाही.

३. मुलाचे आईवडील हयात आहेत काय, त्यांची लेखी संमती आहे काय आणि मूल वर्षातून किती वेळा घरी जाते.

४. शाळा मूळ गावापासून किती दूर आहे आणि घरची भाषा तिथे शिकवली जाते काय.

५. आपण थांबलो तर त्या मुलाचे पुढे काय, याचे उत्तर संस्थेकडे आहे काय.

यातील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या संस्था अनेकदा सांगतात की एका मुलाच्या नावाने पैसे देण्याऐवजी वसतिगृहाच्या सामाईक निधीत द्या. त्यामागे कारण आहे. नावाने आलेल्या मदतीत एका मुलाला नवा कोट मिळतो आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा बघत राहतो. शिवाय एक देणगीदार थांबला, तरी सामाईक निधीतून सर्वांचे शिक्षण चालू राहते. आपल्याला एका मुलाची ओळख हवीशी वाटते, हे स्वाभाविक आहे. ओळख जरूर असावी. पैसे मात्र सर्वांच्या ताटात पडावेत.

देणगी नेहमी बँकेमार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. नवी करपद्धती निवडणाऱ्यांनाही ही सवलत मिळत नाही, याची पालकांनी नोंद घ्यावी.

आणि आपल्या दारातली मुले?

आता पालक सभेतील त्या प्रश्नाकडे येतो. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले आठवीनंतर गळतात, हे खरे आहे. सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. खरी घसरण त्यानंतर सुरू होते.

पण या मुलांसाठी सरकारी वाटा आहेत. आठवीत परीक्षा घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. चिकोडी तालुक्यात कोथळी येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून निवासासह मोफत शिक्षण मिळते. असे असूनही मुले मागे राहतात. कारण अर्ज वेळेवर भरला जात नाही, उत्पन्नाचा दाखला मिळत नाही, बँक खात्यातील नाव आणि शाळेतील नाव जुळत नाही, परीक्षेची तयारी करून घेणारे कोणी नसते.

म्हणजे जवळच्या मुलाला आपल्या पैशाइतकीच, किंबहुना पैशापेक्षा जास्त, आपल्या वेळेची गरज आहे. दूरच्या मुलाला आपण वेळ देऊ शकत नाही. त्याला पैसा आणि धीर देऊ शकतो. जो पालक जवळच्या मुलासाठी तहसील कचेरीत एक सकाळ घालवील, तो दूरच्या मुलासाठी महिन्याला शंभर रुपयेही देऊ शकेल. एकाने दुसऱ्याचा घास काढून घेतला जात नाही.

आमची शिफारस

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील प्रस्ताव ठेवत आहोत.

पहिले, कोणत्याही मुलाचे नाव स्वीकारण्यापूर्वी किमान तीन वर्षांचा खर्च निधीत जमा असावा. पैसे कमी पडले तर थांबावे. पण अर्ध्या पैशांवर शब्द देऊ नये.

दुसरे, मदत मुलाच्या स्वतःच्या भागातील वसतिगृहाला, सामाईक निधीच्या रूपाने द्यावी.

तिसरे, निधीसाठी वर्गावर्गांत कोणी किती दिले याची यादी लावू नये. वार लावण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे सात-सात कुटुंबांचे गट करावेत. एक घर गाव सोडून गेले, तर उरलेल्या सहांनी सातवे घर शोधावे. त्यामुळे मदत खंडित होणार नाही.

चौथे, दूरच्या एका मुलामागे जवळच्या पाच मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याची जबाबदारी शाळेने आणि पालकांनी घ्यावी. हे दोन्ही एकाच ठरावात असावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचेही काम आहे. तिकडच्या मुलांना तुम्ही हिंदीतून पत्रे लिहू शकता. पत्रात 'आम्ही तुम्हाला पैसे पाठवतो' असे एकदाही लिहू नये. आपल्या पावसाविषयी लिहा, शेताविषयी लिहा, कबड्डीविषयी लिहा. त्यांना विचारा की बर्फात गुरे कुठे ठेवतात, जवाचे पीठ कसे करतात, हिवाळ्याच्या लांबलचक सुटीत काय खेळतात. आपली मोठी सुटी मे महिन्यात, त्यांची डिसेंबर ते फेब्रुवारीत. उत्तर उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. त्या मुलावर आपले आभार मानण्याची सक्ती नाही.

पालकांनी आपले मत पुढील बैठकीपूर्वी कार्यालयात लेखी द्यावे. विरोधाचे मत असेल तर तेही जरूर द्यावे. एकदा ठराव झाला की तो शब्द आपणा सर्वांचा असेल आणि आज पहिलीत बसलेली मुले दहावी होऊन जाईपर्यंत तो पाळावा लागेल. तेवढी तयारी असेल, तरच हात वर करावा, ही नम्र विनंती.

मुख्याध्यापक